घाटाच्या अलीकडची आत्या

माझ्या आत्याचे हात बारा महिने गुलाबी असतात. रंगपंचमीला ठीक आहे, त्या दिवशी सगळ्या कोल्हापूरचेच असतात. पण आत्याच्या बोटांवर तो रंग श्रावणातही असतो, दिवाळीतही असतो, कुणाच्या बाराव्याला गेली तरी असतो. मंडईत एखादी नवी भाजीवाली विचारते, "बाई, कशात काम करता?" आत्या मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत म्हणते, "चिखलात."

हे अगदी खरं आहे. शैलाआत्या म्हणजे माझ्या पप्पांची धाकटी बहीण, आमच्याच घरी राहणारी. ती इथल्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायची आणि संशोधन करायची ते खाडीच्या तळाचं. तळातल्या गाळात राहणारे किडे, शिंपले, नखाएवढे खेकडे. चिखल आणायचा, चाळणीत धुवायचा आणि उरेल त्यावर एक गुलाबी रंग टाकायचा. आणताना जे जिवंत होतं ते रंग धरतं, नुसती शिंप पांढरीच राहते. मग पांढऱ्या ताटलीत, भिंगाखाली धरून चिमट्यानं एकेक गुलाबी जीव वेगळा काढायचा. शेजारी मम्मी तांदूळ निवडत बसलेली असायची. दोघींच्या माना सारख्याच वाकलेल्या. लांबून बघणाऱ्याला कोण काय निवडतंय ते कळायचं नाही.

आता कोल्हापुरात समुद्र नाही, हे मी सांगायला नको. समुद्र घाटाच्या पलीकडे आणि आत्या अलीकडे. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी सगळ्यात लांबपर्यंत ओसरते, म्हणून ती आदल्या दिवशी बादली, फावडं आणि चाळणी घेऊन एस्टीत बसायची, पहाटेची ओहोटी गाठायची आणि त्याच संध्याकाळी चिखलाचे डबे घेऊन जेवायला घरी यायची. गल्लीनं याचा जो अर्थ काढायचा तो काढला. समोरच्या काकूंनी एकदा मम्मीला बाजूला घेऊन विचारलं, नणंद सोबत लिंबू वगैरे नेते का. मम्मीनं घाबरत घाबरत ते आत्याच्या कानावर घातलं, तर आत्या स्वतःच समोर गेली आणि म्हणाली, "काकू, लिंबू न्हाय लागत. फॉर्मलीन लागतंय." पुढं बरेच दिवस काकूंनी आमच्याकडचा प्रसाद खाल्ला नाही.

फ्रिजचा एक कप्पा तिचा होता. एकदा उन्हाळ्यात हातकणंगल्याहून पप्पांचे मावसभाऊ आले. त्यांनी हक्कानं फ्रिज उघडला, स्टीलच्या डब्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि मुकाट्यानं परत लावलं. जाताना मम्मीला हळूच म्हणाले, "वैनी, आंबील उतरलंय तुमचं. टाकून द्या." मम्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या मात्र खूश. पावण्यांचं नाक बरोबर आहे म्हणाली, त्या डब्यातला खालचा थर खरंच कुजायला लागला होता.

कोकणात सहलीला गेलो की सगळे सूर्यास्त बघायचे आणि आत्या त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची. "वर काय हाय? खाली बघा की." खाली ओल्या गाळावर शेवयांसारखी वेटोळी पडलेली असायची. कुणीतरी विचारायचं हे काय, आणि ती शांतपणे सांगायची की ही किड्याची शी. मग कुणाचाच भेळ खायचा मूड राहायचा नाही.

शाळेत मी खाडीची व्याख्या इंग्रजीत पाठ केली होती. पेपर संपला आणि व्याख्याही संपली. आत्यानं ती खाडी आमच्या वडगावच्या शेतात आणून ठेवली. "ते रानच हाय. किडं नांगरत्यात, भरती पाणी पाजती. नांगरट थांबली की गाळ कुजतोय. गाळ कुजला की मासा येत न्हाय. मग बसा मटण खात." शेजारचे काका म्हणाले, ते आम्ही आत्तापण खातोयच की. त्यांच्यासमोर आत्यानं हात टेकले.

माणसंही ती तळातल्या जीवांवरूनच ओळखायची. कुणी शंखात राहणारा, कुणी दुसऱ्याच्या शंखात राहणारा. मी नळीतली. गाळात एक किडा स्वतःची नळी बांधून राहतो, सावली पडली तरी आत जातो. घरी पाहुणे आले की मला बोलतं करायचा उद्योग सुरू व्हायचा. गाणं म्हण, इंग्लिशमध्ये काहीतरी बोलून दाखव. आत्या ताटलीतून मान वर न करता म्हणायची, "ऱ्हाऊ दे तिला. काठी घालून कोण बाहेर येत न्हाय." मला तिच्याशेजारी बसायला आवडायचं, कारण तिथं काही बोलावं लागायचं नाही.

गेल्या वर्षी आत्या निवृत्त झाली आणि पप्पांनी तिला एक भेट द्यायचं ठरवलं.

पप्पांची शिरोलीला फाउंड्री आहे. आत्याची पहिली चाळणी तिथंच झाली होती, साच्याची वाळू ज्या जाळीनं चाळतात तिच्यापेक्षा बारीक जाळी बसवून. त्याच फाउंड्रीत मशीनच्या आवाजानं पप्पांचे कान गेले. कानातलं यंत्र त्यांना आवडत नाही, ते कपाटात असतं. घरात पप्पांशी बोलायचं म्हणजे सगळ्यांना दोनदोनदा सांगावं लागतं. आत्याचं तेवढं त्यांना एकदाच सांगून कळतं. तेवढा मोठा आवाज लावायची तिला सवयच झाली आहे.

तर पप्पांनी कुणाला पत्ता न लागू देता खाडीकाठी एक छोटं घर भाड्यानं घेतलं. आम्ही सगळे गाडीतून, मटणाच्या डब्यासकट, घाट उतरून गेलो. मागच्या दारी पायऱ्या, पायऱ्यांखाली चिखल. पडवीत उभ्यानं चिखल धुवायला लोखंडी टेबल, फाउंड्रीत खास करून घेतलेलं, तिच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून. पप्पा म्हणाले, "आयुष्यभर घाट चढलीस, उतरलीस. आता बास. समुद्र तुझ्या दारात."

आत्यानं टेबलावरून हात फिरवला आणि वेल्डिंग कुणी केलं ते विचारलं. मग ती वाकून टेबलाचे पायच बघत राहिली. आनंदानं बोलवत नसेल असं सगळ्यांना वाटलं.

माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालतं, म्हणून घर लागेपर्यंत मी तिच्याबरोबर राहिले. ओहोटी लागली की ती खाडीत उतरायची, चिखल आणायची, टेबलाशी उभी राहून धुवायची. टेबल उत्तम होतं. संशोधन करणाऱ्या माणसाला याहून काय हवं, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. पण ती भाकरी थापायला बसली की थापतच राहायची. आम्ही दोघी आणि बुट्टीत सगळ्या घराच्या भाकरी. पांढरा रस्सा तिनं भलं मोठं पातेलंभर केला, मग त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि शेजारच्या घरी देऊन आली. संध्याकाळी खुर्ची खाडीकडे न टाकता रस्त्याकडे टाकायची. कोल्हापूरची एस्टी तिथून जायची. ती दिसेनाशी झाली की उठायची.

एका संध्याकाळी चहा उकळल्यावर तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून, घर हलेल अशा आवाजात हाक मारली, "दादा, चहा!" आतल्या खोलीत कुणीच नव्हतं. मी लॅपटॉपवरून वर बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला काहीतरी बोलावं लागलं असतं.

तिनं कप भरले. थोड्या वेळानं मी विचारलं, तुला इथं राहायचंय का.

"दादानं एवढं केलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, ते मी विचारलं नाही.

आत्यानं कपातली साय बोटानं बाजूला केली. इतकी वर्षं सगळे तिची कीव करत आले, की बिचारीला नोकरीपायी समुद्रापासून लांब राहावं लागतं. आणखी चार दिवस मुक्कामाला तिला तिथं कुणीही जागा दिली असती. ती प्रत्येक वेळी त्याच संध्याकाळी घाट चढून का येते, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"काम हितं हाय माझं," ती म्हणाली. "घर हितं हाय असं मी कवा म्हणलं?"

मग तिनं मला बजावलं की हे दादाला सांगायचं नाही, त्याला वाईट वाटेल, टेबल करायला त्यानं किती हौसेनं धावपळ केली असेल. मी मान डोलावली आणि पप्पांना फोन लावून तिच्या हातात दिला. याआधी मी तिचं सांगणं एवढं उघडउघड मोडलं नव्हतं.

फोन हातात आल्यावर तिच्या तोंडून आवाजच निघेना. जे निघालं ते शेजारी बसलेल्या मलाही नीट ऐकू आलं नाही. पलीकडून पप्पा "काय?" म्हणाले. ती पुन्हा तेवढंच हळू बोलली. पप्पा पुन्हा "काय?" म्हणाले. मग तिनं डोळे मिटले आणि नेहमीचा आवाज लावला, वाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"दादा, मला घरला यायचंय!"

 पलीकडून पप्पांचाही तसाच मोठा आवाज आला, मलाही स्पष्ट ऐकू येणारा. "मग ये की. इचारतीस काय?"

"आणि टेबल?"

"ते एस्टीत चढतंय व्हय? मी टेम्पो घेऊन येतो उद्या."

आत्यानं घाटात धुकं असतं, उजाडल्यावरच निघ, असं ओरडून सांगितलं. ते "बरं" म्हणाले. सांगण्यासारखं तेवढंच होतं.

पण पप्पांनी फोन ठेवला नाही. आत्या आता काही बोलत नव्हती आणि बोलली असती तरी पप्पांना फोनवर फारसं काही कळत नाही. तरी ते तिकडे फोन कानाला लावून थांबले. आत्याही इकडे, पडवीच्या खांबाला टेकून, फोन कानाला लावून थांबली. मी कप उचलून आत गेले आणि ते शक्य तितक्या हळू विसळले.