दुर्गा येऊन राहिली

पळसबोडीच्या जिल्हा परिषद हायस्कुलात नववीत शिकणाऱ्या दुर्गा उदेभान पंधरे हिला एक सायकल हवी होती. मागणी वाजवी होती, आणि पहिली अडचण तिथंच झाली.

दुर्गाची वस्ती, पांगरटोला, शाळेपासून सहा किलोमीटर. मधे जंगल, आणि मोहफुलं पडायच्या दिवसांत रस्त्यावर अस्वलाचा हक्क जास्त. मागच्या वर्षापर्यंत सोबतीला टोल्यातलीच नीतू होती. तिला घरच्यांनी शिकायला फुलचूरला मामाकडे ठेवलं. तेव्हा दुर्गाच्या बापानं, उदेभाननं, शाळेत येऊन सरळ सांगून टाकलं, "सायकल आली तं शाळा. पोरीले एकटी पायी नाही धाडत मी. सायकलीचा निकाल लागेपर्यंत मीच आणून सोडतो."

मी त्या शाळेत मराठी शिकवतो. वीस वर्षं पोरांच्या वह्यांतलं 'येऊन राहिलो' लाल शाईनं खोडून 'येत आहे' करत आलो आहे, आणि तास संपताच 'च्या प्यायला जाऊन राहिलो' म्हणत वर्गाबाहेर पडत आलो आहे. पण दुर्गाच्या अर्जाला मी हात लावला नाही. सायकलींचा कारभार पाहणाऱ्या पुण्याच्या 'विद्यार्थिनी गमनागमन सुलभीकरण कक्षा'चं पत्रकच तसं होतं: 'बोलीभाषा सन्मान पंधरवड्यानिमित्त अर्ज विद्यार्थिनीने स्वतःच्या बोलीत लिहावा. शिक्षकाने भाषा सुधारल्यास अर्ज बाद समजावा.'

दुर्गानं लिहिलं, 'मी आठवीपासून पळसबोडीच्या शाळेत येऊन राहिली. मले सायकल पाहिजे.' सुटसुटीत अर्ज. मला तर अभिमानच वाटला.

महिन्याभरात उत्तर आलं. 'अर्जदार विद्यार्थिनी आठवीपासून शाळेतच येऊन राहिली असल्याचे तिच्याच कथनावरून स्पष्ट होते. सबब निवासस्थान ते शाळा हे अंतर शून्य किलोमीटर असून सायकल अनुज्ञेय नाही. तसेच, शाळेत विनापरवाना वसतिगृह चालवले जात असल्याबाबत मुख्याध्यापकांनी सात दिवसांत खुलासा करावा.'

मुख्याध्यापक जागेश्वर टेंभरे यांनी पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचलं. "आपल्या इथं वसतिगृह कोठं आहे?" त्यांनी मला विचारलं. बाप्पा, माणसाला स्वतःच्या शाळेबद्दल शंका यावी, इतकी ताकद कागदात असते.

खुलासा लिहायचं काम लिपिक केशोरावांकडे गेलं. केशोराव कागदी भाषेत तरबेज. 'उपरोक्त विषयान्वये' पासून 'सविनय सादर' पर्यंत त्यांचा हात कुठं अडत नाही, पण मधला मजकूर त्यांना स्वतःच्या मनानं लिहावा लागतो. त्यांनी लिहिलं, 'शाळेत एकही मुलगी मुक्कामी नसून सर्व एकशे बारा मुली घरी जाऊन राहिल्या आहेत.'

या वेळी पुण्याहून उत्तर आठ दिवसांत आलं. 'एकशे बारा मुली घरी जाऊन राहिल्याचे आपण लेखी मान्य केले आहे. सदर मुली शाळाबाह्य घोषित करण्यात येत आहेत.' सोबत दुसऱ्या टेबलाचं स्मरणपत्र होतं: 'वसतिगृहाचा खुलासा अद्याप अप्राप्त.' म्हणजे एका टेबलावर पोरी शाळेतून निघत नव्हत्या आणि दुसऱ्या टेबलावर त्या शाळेत येत नव्हत्या. दोन्ही टेबलं एकाच खोलीत आहेत असं मागाहून कळलं.

मग टेंभरे सरांनी फोन लावला. "साहेब, पोरी येऊन-जाऊन राहिल्या, इतकंच आहे."

"असं होय," पलीकडून समजूतदार आवाज आला. "मग आधी नाही का सांगायचं?" तिसऱ्या दिवशी शाळेच्या सगळ्या मुलींची नोंद 'हंगामी स्थलांतरित' अशी झाली, आणि शाळा नक्की कुठं आहे हे पाहायला तपासणी अधिकारी निघाले.

अधिकारी माणूस सज्जन. त्यांनी खाटा शोधल्या, मिळाल्या नाहीत. स्टेजमागच्या खोलीत एक सतरंजी मिळाली, तिचा पंचनामा केला. मग दुर्गाला बोलावून मायेनं विचारलं, "बाळ, तू इथे काय करतेस?"

"शिकून राहिली जी."

त्यांनी लिहून घेतलं. "साहेब, 'राहिली' म्हणजे आमच्याकडं क्रिया चालू आहे," मी म्हणालो. "ती शिकते आहे."

"मग 'शिकत आहे' म्हणायला काय होतं?"

"तुमच्याच कागदात होतं जी," दुर्गा म्हणाली, "आपल्या बोलीत लिहा म्हणून."

"लिहायला सांगितलं होतं," अधिकारी शांतपणे म्हणाले. "बोलीत वाचायचा आदेश आमच्याकडे नाही."

आदेश पंधरा दिवसांनी आला. 'सदर विद्यार्थिनी शिकून राहिली असल्याने, म्हणजेच तिचे शिक्षण पूर्ण झाले असल्याने, सायकलीचा प्रश्न उद्भवत नाही. नाव पटावरून कमी करावे.' त्याच लिफाफ्यात एक रंगीत प्रमाणपत्रही होतं. बोलीभाषा सन्मान पंधरवड्यात दुर्गाच्या अर्जाला अस्सल लेखनाचा राज्यात पहिला क्रमांक मिळाला होता.

दोन्ही कागद घेऊन मी पांगरटोल्याला गेलो. दुर्गा बाहेर मोहफुलं वाळत घालत होती. पटावरून नाव कमी होऊन तिला तीन आठवडे झाले होते. प्रमाणपत्र तिनं वाचलं, आदेशही वाचला आणि दोन्ही बापाच्या हातात दिले. मला तिच्याकडं पाहवेना. वीस वर्षं खोडत होतो, आणि जेव्हा खोडायला पाहिजे होतं तेव्हाच नाही खोडलं.

"मंग गुरुजी, तुम्ही आता का करून राहिले?" उदेभाननं विचारलं.

"लिहून राहिलो. हे सगळं छापून आणतो. लोक वाचतील."

"वाचून का करतील?"

"हसून राहतील," मी म्हणालो.

उदेभाननं आदेशावरून बोट फिरवलं. पुण्याची भाषा आता त्यालाही यायला लागली होती.

"म्हंजे हसतील," तो म्हणाला, "अन् राहतील."