साळिंदराच्या घरची जाड पिन

एका जंगलात, मुलांनो, पाणी कमी होतं. पण रेंज चांगली होती.

जरा नीट बसा. पाय पोटाशी घ्या. गोष्ट साळिंदराची आहे, टोचेल.

त्या जंगलात सगळ्यांकडे फोन होते. वाघाकडे होता, तसा उंदराकडेही होता. वाघानं डरकाळी फोडणं कधीच सोडलं होतं. तो मिस्ड कॉल द्यायचा. ज्याला यायचा त्याचे पाय तेवढ्यानंच गळायचे. वीज काजव्यांकडून यायची, वेलींमधून. पण फोन मात्र दोनच तऱ्हेचे मिळत. एक जांभूळ आणि दुसरा फणस.

जांभूळ दिसायला देखणा. पातळ, गुळगुळीत, पाठीवर चंदेरी जांभूळ कोरलेलं. हातातून निसटला की फुटायचा. नाही निसटला, तर पावसाळ्यात आपणहून बंद पडायचा. मग त्याला घेऊन जांभळाच्या सेवाकेंद्रात जावं लागे. तिथं पांढराशुभ्र बगळा बसलेला असे. तो एक पाय वर घेऊन फोनकडे बघायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेतलेला बरा."

"अहो, पण आत काय झालंय ते तरी बघा."

"आमच्यात उघडून बघत नाहीत," असं म्हणून बगळा दुसरा पाय वर घ्यायचा.

फणस अंगानं जाड. तापायचा फार. बोलता बोलता मध्येच जाहिरात वाजवायचा. पण दगडावर आपटला, चिखलात बुडाला, माकडानं शेंड्यावरून खाली टाकला, तरी उचलून कानाला लावला की बोलायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळे फणसच घेत असतील. बाळांनो, तुम्ही लहान आहात.

ज्याच्याकडे जांभूळ तो ताठ मानेनं सांगायचा, "आमच्यात जांभूळच चालतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे ते." पिढ्यान्‌पिढ्या म्हणजे मागच्या होळीपासून. ज्याच्याकडे फणस तो काही सांगायचाच नाही. तो फोनवर खिशातल्या खिशात बोलायचा.

त्यात एक अडचण होती. जांभळाची पिन बारीक आणि फणसाची पिन जाड. याचा चार्जर त्याला लागायचा नाही. मग हळूहळू एकमेकांकडे जाणं-येणं कमी झालं. दारात पाहुणा आला की पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी विचारायचे, "तुमच्यात बारीक का जाड?" सोयरिकीही तशाच व्हायला लागल्या. पत्रिका बघणं मागं पडलं. पिन जुळली की बाकीचं आपोआप जुळतं, असं जाणते सांगू लागले.

या जंगलात ओढ्याच्या अलीकडे दादबा साळिंदर राहायचा. अंगभर काटे, पण आतून लोणी. कुणाच्या फोनचं सिम काढायचं असलं की त्याचा कप्पा उघडायला सगळे दादबाकडे यायचे. दादबा आपला एक बारीक काटा उपटून द्यायचा आणि म्हणायचा, "राहू दे तुझ्याकडेच. लागेल पुन्हा." त्याची लेक सगुणा जवळ येऊन बसली, की तो एक एक काटा आडवा करायचा आणि मगच तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा.

दादबाकडे फणस होता. जुना. पाठीचं झाकण सैल झालेलं, म्हणून वरून रबरबँड लावलेला.

सगुणा लग्नाची झाली होती. स्थळं यायची, ती मान हलवायची. वरखाली नाही, आडवी. रोज ओढ्यावर कंद धुवायला जायची आणि उशिरा यायची. कंद अगदी स्वच्छ असायचे.

एका सकाळी भारद्वाज आला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. ते माहीत असल्यामुळे त्यानं सोयरिकी जुळवण्याचाच धंदा धरला होता.

"दादबाभाऊ, स्थळ आणलंय. ओढ्यापलीकडच्या बयाजी साळिंदराचा केशू. मुलगा कष्टाळू आहे, काटा सरळ आहे."

आत सगुणेच्या हातातला कंद घरंगळत दारापर्यंत आला. दादबानं तो बघितला. सगुणेकडेही बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे सगळे काटे हलके थरथरत होते.

"माणसं चांगली आहेत," भारद्वाज म्हणाला. "एकच आहे. त्यांच्यात जांभूळ. केशूची आई गिरजाबाई त्याबाबतीत फार कडक. तुमच्यात?"

दादबानं हातातला फोन हळूच मांडीखाली सरकवला. जन्मात तो खोटं बोलला नव्हता. त्यानं पुन्हा एकदा लेकीच्या पाठीकडे बघितलं.

"आमच्यातही जांभूळच," तो म्हणाला.

भारद्वाज उडून गेल्यावर दादबाची बायको तानूबाई बाहेर आली. "अहो, हे काय बोलून बसलात? परवा पाहुणे दारात येतील. तेव्हा काय दाखवणार, रबरबँड?"

"पोरीचं तोंड नाही बघितलंस तू."

"तोंड मी रोजच बघते. म्हणून म्हणते, नंतर उघडं पडलं तर तेच तोंड बघवणार नाही."

दादबा उठला आणि सुतारपक्ष्याकडे गेला.

सुतारपक्षी जुन्या सागाच्या खोडात फोन दुरुस्त करत बसायचा. समोर एक मेलेला जांभूळ उघडा पडला होता.

"याचा मदरबोर्ड गेला," सुतार म्हणाला.

दादबानं डोक्यावरची टोपी काढली. "अरेरे. केव्हा?"

"मागच्या पावसाळ्यात."

"आणि मागं कोण आहे तिच्या?"

"मागं झाकण आहे," सुतार म्हणाला. त्यानं चोच घालून ते झाकण टक्‌कन उचकटलं. चंदेरी जांभूळ उन्हात चमकलं. "जांभळाचं एवढंच टिकतं बघा. आतलं सगळं जातं, झाकण तसंच राहतं. काय काम काढलंत?"

दादबानं घसा खाकरला. इकडे तिकडे बघितलं आणि मांडीवर फोन ठेवून रबरबँड काढला. सुतारानं फणसाकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं. फणसाच्या कडा जरा घासल्या, धावड्याचा डिंक लावला आणि झाकण वर दाबून बसवलं.

"उन्हात डिंक पातळ होतो," तो म्हणाला. "उचकटायला लागलं की अंगठ्यानं दाबून धरायचं."

"असं कुणी करतं का रे, सुतारा?"

सुतार टकटक करत राहिला. "मी बोलत नाही. माझ्या पोटावर येतं."

पाहुणे आले. पुढे बयाजी, मागे गिरजाबाई, तिच्या मागे खाली मान घातलेला केशू. भारद्वाज फांदीवर बसला. तानूबाईनं कंदपोहे केले होते. बयाजीनं बसल्या बसल्या आपला फोन पालथा समोर ठेवला. दादबानंही ठेवला. दोन चंदेरी जांभळं शेजारी शेजारी चमकली. सगळ्यांना बरं वाटलं.

"दुसरा फोन हातात धरवत नाही बघा," बयाजी म्हणाला.

"अगदी," दादबा म्हणाला. "हातच नको म्हणतो."

"तो फणस म्हणजे काय, वीट नुसती."

"नाव काढू नका," दादबा म्हणाला. मनातल्या मनात त्यानं फणसाची माफी मागितली.

ऊन चढत होतं. दादबाच्या झाकणाचा एक कोपरा हळूच वर आला. त्यानं त्यावर पंजा ठेवला. बयाजीचाही पंजा आपल्या फोनवरच होता. श्रीमंतांचं असंच असतं, जपतात, असं दादबाला वाटलं.

कंदपोहे झाले. मुलगी पसंत पडली. गिरजाबाईंनी सगुणेला चालायला लावलं नाही की गायला लावलं नाही. फक्त केशूच्या मामाचा होकार यायचा होता.

"मामानं फोनवर हो म्हटल्याशिवाय आमच्यात सुपारी फुटत नाही," गिरजाबाई म्हणाल्या. "दुपारी तो वरच्या डोंगरावर चरायला जातो, तिथं रेंज नाही. त्याच्या आत आलं तर आलं. नाहीतर मुहूर्त पुढच्या सालावर."

तेवढ्यात बयाजीचा फोन 'टुंई' असा कण्हला. बॅटरी संपत आली होती.

सगळे फोनकडे बघायला लागले.

"चार्जिंगला लावा की," भारद्वाज वरून म्हणाला. "दोघांचंही जांभूळच. पिन तर एकच."

घरात एकच चार्जर होता, तोही जाड पिनेचा. तो बाहेर आला की झालं. मग जांभूळ नाही, सुपारी नाही, आणि सगुणा पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी.

"वीज गेलीय," दादबा म्हणाला.

त्याच्या डोक्यावर झापाचा पंखा गरगर फिरत होता. कुणी वर बघितलं नाही.

"हो, हो, जातेच," बयाजी घाईघाईनं म्हणाला. त्याच्याही कपाळाला घाम आला होता. "आमच्याकडेही जाते. राहू द्या. नका त्रास घेऊ."

"नकोच," गिरजाबाई म्हणाल्या. "परक्या घरची वीज फोनला मानवत नाही."

'टुंई,' फोन म्हणाला.

"पण पंखा..." भारद्वाजानं सुरुवात केली.

"वाऱ्यानं फिरतोय," तानूबाई म्हणाली. पानही हलत नव्हतं.

'टुंई.'

तेव्हा सगुणा आतून आली. तिच्या हातात चार्जर होता. दादबानं डोळ्यांनी खूप खुणावलं, पण तिनं बघितलंच नाही. तिनं बयाजीचा फोन त्याच्या पंजाखालून काढून घेतला आणि पिन लावली.

टक्.

बसली. जाड पिन बसली.

पंखा तेवढा फिरत होता. बयाजी जमिनीकडे बघत होता, दादबा आभाळाकडे. त्यात उन्हानं आपलं काम केलं. बयाजीच्या फोनचं झाकण एका बाजूनं उचकटलं आणि आत जुना, जाड, ओळखीचा फणस दिसला.

पहिल्यांदा गिरजाबाईंना तोंड फुटलं.

"जांभळानं नवी पिन काढली म्हणे," त्या म्हणाल्या. "जाड."

"हो ना," तानूबाई लगेच म्हणाली. "मजबुतीसाठी."

"आम्हालाही मिळाली ती," दादबा म्हणाला.

"सगळ्या चांगल्या घरांत हीच आहे आता," बयाजी म्हणाला आणि झाकणावर अंगठा दाबला.

भारद्वाजानं आपले लाल डोळे क्षणभर मिटले. "शुभ आहे," तो म्हणाला. मग फांदीवरून खाली उतरला, पंखातून आपला चंदेरी जांभळाचा फोन काढला आणि हळू आवाजात म्हणाला, "पोरी, त्यांचं झालं की माझाही लाव."

मामाचा फोन आला. आधी मुंग्यांच्या औषधाची जाहिरात वाजली. सगळे मोठमोठ्यानं खोकले. मग मामा हो म्हणाला आणि सुपारी फुटली.

पाहुणे ओढ्याकडे निघाले. दादबा दारात बसून राहिला. एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. पिन पहिल्या झटक्यात कधीच बसत नाही. एकदा उलटी लागते, मग सुलटी, मग पुन्हा उलटी. अख्खं जंगल रोज तेच करतं. सगुणेनं परक्या घरचा फोन हातात घेतला, बघितलंही नाही, आणि पिन लागली.

सगुणा येऊन त्याच्याजवळ बसली. दादबानं एक एक काटा आडवा केला.

"ओढ्यावरचे कंद फार स्वच्छ असायचे," तो म्हणाला.

सगुणा पायाच्या नखानं माती उकरू लागली. "आबा, त्याच्या घरचा चार्जर हरवला होता," ती म्हणाली.

दादबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

लग्न थाटात झालं. मांडवाच्या खांबाला एकच चार्जर बांधला होता. त्याच्यापुढे कोल्हा, भेकर, रानमांजर, झाडून सगळे जांभूळवाले रांगेत उभे होते. पाठीवर जांभूळ चमकत होतं, पोटात जाड पिन जात होती, आणि पुढचा मागच्याला सांगत होता, "नवी पिन आहे आमच्यात." बगळाही आला होता. तो एका पायावर उभा होता, कारण दुसऱ्या पायात त्यानं आपला फोन लपवला होता.

पंगत उठल्यावर दोघे व्याही एका झाडाखाली टेकले.

"झाकण कुठून बसवलंत?" बयाजीनं कानात विचारलं.

"सागातल्या सुताराकडून."

"आम्हीही तिथूनच. उन्हात फार उचकटतं हो."

दादबानं खिशात हात घातला. जुना रबरबँड काढला आणि व्याह्याच्या हातावर ठेवला.

"घरात असताना लावत जा," तो म्हणाला.

तात्पर्य : खरं कधी लपत नाही, असं मोठी माणसं सांगतात. लपतं, बाळांनो. डिंक तेवढा चांगला हवा.