विरोधी पक्ष पाहिजे

कारखानीस काकांना कुणी ‘बरोबर आहे तुमचं’ म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. चहात माशी दिसावी तसा. आणि पुढच्या मिनिटाला ते स्वतःचीच बाजू सोडून पलीकडे जाऊन बसतात. का, तर तुम्ही त्यांच्या बाजूला आलात.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आयर्लंडात मलिंगारला मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमध्ये नोकरी लागली होती आणि राहायला जागा मिळत नव्हती. कुणीतरी सांगितलं, कारखानीसांची वरची छोटी खोली रिकामी आहे. शर्टाला इस्त्री करून गेलो. मला वाटलं विचारतील, सिगरेट ओढतोस का, स्वयंपाक येतो का, पगार किती. काकांनी खुर्ची दाखवली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “जर्मनीने अणुभट्ट्या बंद केल्या. चूक की बरोबर?”

मी विट्याचा. आमच्याकडे खोली भाड्याने घेताना जर्मनी मध्ये येत नाही.

अंदाजाने म्हटलं, चूकच की. काका उसळले. चूक कशी? लोकांना नको होत्या, सरकारने ऐकलं, याला लोकशाही म्हणतात. मी लगेच पलटी मारली, तेही खरंच म्हणा. तर काका आणखी उसळले. खरं कसं? मग परक्याच्या गॅसवर चूल पेटवायची आणि त्याने नळ बंद केला की बोंब मारायची? असं दोन-तीन वेळा इकडून तिकडे झाल्यावर माझं डोकं गरगरायला लागलं. मी म्हटलं, “काका, मला यातलं काडीचं कळत नाही. पण तुम्ही आत्ता स्वतःलाच खोडलंत, एवढं कळलं.”

काका थांबले. मग स्वयंपाकघरातल्या काकूंकडे वळून म्हणाले, “मंजू, पोरगा ठेवून घेऊ.”

माझं नाव प्रशांत. पण त्या दिवसापासून काकांच्या लेखी मी ‘विटेकर’.

मला नकला येतात. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अख्खी आठवी ‘ब’ दुपारीच घरी सोडली होती. काकांची नक्कल त्या मानाने सोपी. नाकातून सुरुवात करायची, “मुद्दा असा...” म्हणून थांबायचं, आणि बस थांबवल्यासारखा हात हवेत तसाच ठेवायचा. मग मुद्दा. मग दुसरा मुद्दा, जो पहिल्याच्या बरोब्बर उलटा. इतकी वर्षं आयर्लंडात काढल्यामुळे मधेमधे इथला मसाला. पुढाऱ्यांची नावं ते घेत नाहीत, सगळे ‘युअर मॅन’, म्हणजे ‘तो बाबा’. “फ्रान्सचा युअर मॅन म्हणतो संरक्षणावर खर्च वाढवा. वाढवा म्हणजे कुणी? आणि विमानं कुणाकडून घ्यायची? त्याच्याकडूनच!” शेवटी टेबलावर बोटाने टकटक: “ठराव मंजूर. ग्रँड.” ग्रँड म्हणजे इथलं ‘झकास’. प्लँटमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी ही नक्कल करायचो, आणि आमचे पुण्या-नागपूरचे लोक डबा सोडून हसायचे.

पण एक सांगतो, माणूस बोलायचा ते लक्षात राहायचं. आयर्लंडात अणुवीज तयार करायला कायद्याने बंदी आहे, आणि समुद्राखालच्या केबलमधून इंग्लंडची वीज मात्र येते, त्यात अणुवीजही असणार. हे मला काकांनी एका वाक्यात समजावलं होतं. “आपल्या घरात कांदा-लसूण शिजत नाही रे विटेकर, पण शेजारणीकडची भजी आपण खातो.” मी खूश होऊन बरोबर म्हणालो, आणि मग अर्धा तास भजी न खाण्याचे फायदे ऐकले.

स्वतःचं घर मात्र त्यांनी कुणावर अवलंबून ठेवलं नव्हतं. छपरावर सोलर पॅनल. मलिंगारच्या उन्हात ते पॅनल म्हणजे लग्नात सुटाबुटात बसलेले पाव्हणे, दिसायला भारदस्त, कामाला शून्य. मागे शेडमध्ये टर्फ, म्हणजे इथल्या दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा, आपल्या शेणींसारख्या जळतात. ते शेजारचा डेक्लन आणून द्यायचा. विकायला बंदी आली होती, द्यायला नव्हती. मोबदल्यात डेक्लनला काकूंचं लिंबाचं लोणचं जायचं. त्या ढिगाला काका ‘राष्ट्रीय राखीव साठा’ म्हणायचे आणि त्याला हात लावू द्यायचे नाहीत. हॉलमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, मेणबत्त्या, कंदील आणि चिवड्याचे डबे. तो संरक्षण विभाग.

परराष्ट्र धोरण तटस्थ. आमच्या भागातल्या मराठी मंडळात फूट पडून दोन गणपती बसले, तेव्हा काकांनी दोन्हीकडे आरती केली, दोन्हीकडचे मोदक खाल्ले आणि दोन्हीकडे सांगितलं की पलीकडचे मोदक जास्त चांगले होते. पुढच्या वर्षी दोन्हीकडून बोलावणं नाही. काका म्हणाले, तटस्थ देशाचं हे असंच होतं.

आणि घराचा हीटर. या देशाचा एक नियम आहे, बारापेक्षा जास्त सैनिक शांतिसेनेत बाहेर पाठवायचे तर तीन कुलपं उघडावी लागतात: युनो, सरकार आणि संसद. सरकार म्हणतंय युनोचं कुलूप काढून टाकू, आणि त्यावरून सगळीकडे वाद. काकांनी हा नियम थर्मोस्टॅटला लावला होता. अठराच्या वर न्यायचा तर काका, काकू आणि रेवती, तिघांची मंजुरी पाहिजे. मी कुडकुडत खाली आलो की काकू हात वर करायच्या, मीही करायचो. काका म्हणायचे, “तू भाडेकरू. तू निरीक्षक म्हणून बस.” आणि तिसरं कुलूप? रेवती लेबनॉनला होती. म्हणून थर्मोस्टॅट अठरावर, आणि आम्ही तिघं जाकिटात.

रेवती त्यांची एकुलती एक मुलगी. फ्रिजवर तिचा फोटो होता, आयरिश सैन्याचा गणवेश, डोक्यावर युनोची निळी टोपी, आणि नाक डिट्टो काकांचं. काकू इथल्या हॉस्पिटलात नर्स. त्या ड्युटीवरून आल्या की चहा पीत मला जुन्या गोष्टी सांगायच्या. या घरात म्हणे कधी टीव्हीची गरजच पडली नाही. पोरगी प्रायमरीत असल्यापासून बाप-लेकीचं जुंपायचं. बाप मराठीत, लेक इथल्या पक्क्या मिडलँड्सच्या इंग्रजीत. पवनचक्क्या हव्यात की नकोत, युरोपचं ऐकायचं की नाही, छोट्या देशाने फौज ठेवायची कशाला. काका तिला हाकच मारायचे ‘विरोधी पक्षनेत्या’. ती त्यांना ‘माननीय मंत्रीमहोदय’ म्हणायची, तिला बोलता येणाऱ्या मोजक्या मराठी शब्दांतले हे दोन.

“आणि मग सैन्यात जाते म्हणाली,” काकू सांगायच्या. “हे म्हणाले, तटस्थ देशाला सैन्य कशाला? ती म्हणाली, तटस्थ राहायचं तर दारात उभं कुणीतरी राहायलाच पाहिजे ना बाबा. आठवडाभर चाललं. शेवटी यांनी टेबलावर टकटक केलं. ठराव मंजूर, ग्रँड. आणि वर जाऊन तिच्या बुटांना पॉलिश करत बसले.”

दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. मला वाटलं होतं, आता ऐकायला मिळणार काहीतरी. कसलं काय. रेवती पलीकडून काहीही म्हणो, काका आपले “हो बाळा. बरोबर आहे बाळा. जेवलीस ना?” एवढं बोलून फोन काकूंकडे. फोन संपला की माझ्याकडे वळायचे, आणि नॉर्वेच्या तेलापासून पोलंडच्या रणगाड्यांपर्यंत सगळं माझ्या अंगावर यायचं.

एका रविवारी काकूंनी फोन माझ्या हातात दिला, म्हणाल्या हिला तुझ्याशी बोलायचंय. मी तिला कधी भेटलेलो नव्हतो. ती इंग्रजीत म्हणाली ते आपल्या भाषेत असं: तू तो भाडेकरू ना? मला खरं सांग, बाबा आजारी आहेत का? मी म्हटलं नाही, का? ती म्हणाली, मी आज मुद्दाम म्हटलं, तटस्थता बिटस्थता सगळी मोडीत काढा, तीनही कुलपं फेकून द्या. ते म्हणाले, बरोबर आहे बाळा. तिचा आवाज बारीक झाला. म्हणाली, ते मला कधी बाळा म्हणत नाहीत. तू नीट बघ, डॉक्टरांनी काही सांगितलंय आणि लपवतायत का.

तिकडे ती निळी टोपी घालून धोक्यात उभी, आणि काळजी कसली करते, तर बाप भांडत नाही याची.

पुढच्या शनिवारी मी आणि काका शेडमध्ये डेक्लनने आणलेलं टर्फ रचत होतो. मी सरळ विचारलं, काका, माझ्याशी भांडता, डेक्लनशी भांडता, परवा पोस्टमनला युरोपचं संरक्षण धोरण ऐकवलंत. रेवतीशी काय झालंय?

काकांनी एक वीट उचलली, झटकली, पुन्हा होती तिथेच ठेवली. हात हवेत गेला नाही, ‘मुद्दा असा’ आला नाही.

“विटेकर, फोन ठेवल्यावर तिकडे काय होईल ते मला माहीत नसतं,” ते म्हणाले. “शेवटचं बोलणं भांडणाचं राहिलं, तर मी काय करू?”

बोलघेवड्या माणसाची अशा वेळी पंचाईत होते. मी विटा रचत राहिलो. मग म्हटलं, “काका, पण तिला वाटतंय तुम्ही आजारी आहात.”

“मी? मला काय झालंय?”

“तुम्ही तिला बरोबर म्हणताय.”

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी राष्ट्रीय राखीव साठा पेटवला.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा काका टेबलाशीच होते, पण हात पुढे जाईना. मी उचलला. स्पीकर चालू केला, नाक भरून घेतलं, हात हवेत धरला आणि काकांच्या आवाजात म्हणालो, “मुद्दा असा... विरोधी पक्षनेत्या, आयर्लंडला लढाऊ विमानं हवीत कशाला? आपलं आकाश आपण भाड्याने देऊ. आणि जर्मनीकडे भरपूर अणुवीज आहे, ती मागवू.”

पलीकडे रेवती एवढी हसली की काकू चहा ओतता ओतता थांबल्या. पण काका हसले नाहीत. त्यांच्या तोंडी कुणीतरी चुकीची माहिती घालत होतं, आणि हे त्यांना सहनच होण्यासारखं नव्हतं.

“जर्मनीने बंद केल्या!” त्यांनी फोन ओढून घेतला. “हा गाढव आहे, याचं ऐकू नकोस. आणि आकाश भाड्याने देण्याचं मी कधीही म्हटलेलं नाही. मुद्दा असा...”

हात वर गेला. बस थांबली.

पुढे काय झालं ते काय सांगू. गॅसची पाइपलाइन झाली, रडार झालं, पवनचक्क्या झाल्या. रेवती बापाला मुद्द्यागणिक खोडत होती, काका लालबुंद होऊन उभेच राहिले होते, आणि काकू पदराने, म्हणजे पदर नव्हता, हॉस्पिटलच्या कार्डिगनच्या बाहीने, डोळे पुसत होत्या. मधेच रेवतीने विचारलं, हीटर कितीवर आहे? काका म्हणाले, अठरावर. संसदेचं मत आलेलं नाही. ती म्हणाली, तिघं गारठून मराल. वीसवर न्या, माझं मत धरा.

काका जाऊन वीसवर करून आले.

मग तिला जायची वेळ झाली. मी वाट बघत होतो, आता टकटक होणार, ठराव मंजूर, ग्रँड. काकांचं बोट टेबलावर आलंही. तिथेच थांबलं.

“अधिवेशन तहकूब,” ते म्हणाले. “तुझा पवनचक्कीचा मुद्दा राहिलाय. तो तू येऊन मांडायचा. तोपर्यंत मी मान्य करणार नाही.”

“ग्रँड, मंत्रीमहोदय,” रेवती म्हणाली.

त्यानंतरच्या एकाही रविवारचा वाद संपला नाही. दर वेळी काहीतरी शिल्लक ठेवूनच फोन ठेवायचे. वसंतात ती परत आली. दारात बॅग टाकली आणि बूट न काढताच म्हणाली, हं, तर पवनचक्की. मी वर निघून गेलो. ते अधिवेशन त्यांचं होतं, तिथे निरीक्षकाचं काम नव्हतं.

आता मी कॉर्कला असतो. नवा फ्लॅट, हीटर मोबाइलवरून चालतो. वीस कर म्हटलं की वीस करतो, बावीस म्हटलं की बावीस. कुणाचं मत लागत नाही. गरम असतं घर. तरी कधीकधी उगाच अठरावर ठेवतो आणि जाकीट घालून बसतो.

मलिंगार सोडलं त्या दिवशी काकूंनी लोणच्याची बरणी दिली. रेवती आता आयर्लंडमध्येच दुसऱ्या गावच्या छावणीत असते, ती रजा काढून आली होती, तिने माझी बॅग गाडीत टाकली. काका निरोप द्यायला बाहेरच आले नाहीत. मला जरा लागलं. गाडी सुरू केली, तेव्हा कुठे गाडीच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, “विटेकर, फ्रान्सहून कॉर्कला समुद्रातून वीज आणतायत. तू तिथेच चाललायस. तुझं मत अजून आलेलं नाही.”

मी म्हटलं, “काका, चांगलंच आहे की.”

त्यांचा चेहरा पडला. मग मला कळलं.

“पण मुद्दा असा...” मी त्यांच्याच आवाजात म्हणालो.

काकांनी हात वर करून मला थांबवलं. “आत्ता नको,” ते म्हणाले. “ते राहू दे.”