आठ चौकटी, एकच आंबा

"उद्यापासून कुणी एका जागी जमायचं नाही. गट आता फोनवर होईल, व्हिडिओवर," असं स्वरूप सरांनी मुरबाडहून कळवलं आणि रत्नाने "हो सर" म्हणून टाकलं. "हो सर" म्हणताना ती किन्हवलीच्या बाजारात उभी होती आणि तिथे नेटवर्क होतं. वस्तीवर परतल्यावर तिला आठवलं की इथे ते नाही.

रत्ना मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेची कार्यकर्ती आणि स्वरूप सर तिचे वरिष्ठ. वस्तीत ज्यांच्या मनाला काही ना काही डाचत होतं, अशा सात जणांना ती दर शुक्रवारी बुद्धविहारात बसवायची आणि एकेकाला बोलतं करायची. निदान तसा तिचा इरादा असायचा. प्रत्यक्षात निम्मा वेळ तीच बोलायची. कारखान्यातली नोकरी गेल्यापासून पांडू रात्ररात्र जागा असायचा, रंजनाला विनाकारण धडधडायचं, जाणूला दारू सोडायची होती आणि दारूला जाणूला सोडायचं नव्हतं. अशी सगळी मंडळी होती. आणि एक धोंडाबाई होती.

धोंडाबाईचा नवरा करोनाच्या पहिल्या लाटेत गेला. ॲम्ब्युलन्समध्ये बसताना "मी येतो गो" म्हणाला आणि आलाच नाही. तेव्हापासून बाईने बोलणंच सोडलं. मुलगा धम्मपाल वाशिंदहून कामावरून आला की तिच्यासमोर बसून एकटाच बोलायचा आणि थकून झोपायचा. ती चूल पेटवायची, विझवायची आणि कोपऱ्यात जाऊन बसायची. पण शुक्रवार आला की पदर नीट करून, कुणी न बोलावता विहारात यायची, मागच्या चटईवर बसायची आणि सगळ्यांचं ऐकायची. रत्नाचा सगळा जीव त्या बाईत अडकला होता. गट बंद पडला तर धोंडाबाई पुन्हा त्या कोपऱ्यात जाईल आणि मग तिला कुणीही उठवू शकणार नाही, ही रत्नाची भीती होती. त्यात सरांनी बजावलं होतं की गर्दी केली म्हणून मुरबाडच्या बाजूचे दोन गट आधीच बंद केलेत, तिसरा करायला वेळ लागणार नाही.

म्हणून रत्ना दारोदार फिरली. अंगणात उभं राहून, तोंडावर दुहेरी फडकं बांधून तिने प्रत्येकाला बजावलं, "एकत्र यायचं नाय. ज्याने त्याने आपापली नेटवर्कची जागा शोधायची आन् तिथनं बोलायचं. कळलं?"

सगळ्यांना कळलं. शुक्रवारी दुपारी रत्ना स्वतःची जागा म्हणून वस्तीमागच्या टेपाडावर चढली. तिथे एक जुना रायवळ आंबा आहे आणि त्याच्या बुंध्याला नाक लावून उभं राहिलं तर फोनमध्ये दोन काड्या येतात. चार पावलं बाजूला सरकलं की त्याही जातात. ती पोचली तर पांडू आधीच बुंध्याला चिकटलेला.

"तू हितं काय करतोस रे?"

"तुमीच सांगितलंत ना, आपापली जागा शोधा. मी शोधली."

तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून रंजना धापा टाकत आली. तिनेही शोधली होती. तिच्यामागे जाणू, आणि जाणूमागे त्याची एका पांढऱ्या कानाची शेळी. बघता बघता सगळा गट टेपाडावर हजर झाला. धम्मपालचा जुना फोन पदरात गुंडाळून धोंडाबाईसुद्धा आली. प्रत्येकाने रत्नाचा शब्द तंतोतंत पाळला होता, त्यामुळे ओरडायचं कुणावर हेच रत्नाला कळेना. आणि तितक्यात फोन वाजला. स्वरूप सर.

रत्नाचं डोकं संकटात फार भराभर चालतं, हा तिचा गुणही आहे आणि दोषही. "बुंध्याभोवती उभे राहा! तोंडं झाडाकडं! म्हंजे प्रत्येकाच्या मागं वेगळं दिसंल. पांडू, तुज्या मागं डोंगर. रंजना, तुज्या मागं खाचरं. जाणू, तू रस्त्याकडं. आन् बोलणारा सोडून सगळ्यांनी आवाज बंद ठेवा!"

आठ माणसं झाडाला गोल वेढा घालून, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पडद्यावर आठ चौकटी उघडल्या आणि आठांच्या मागे आठ वेगवेगळे देखावे दिसले. सर खूश झाले.

"वा, रत्नाताई! पण हे सगळ्यांनी तोंडाला काय बांधलंय? आपापल्या घरी आहात ना? मग मास्क काढा. चेहरा दिसल्याशिवाय भावना कशा कळणार?"

एकटं असताना मास्क नको, हा नियमच होता आणि तिने एकटं असल्याचं नुकतंच दाखवलं होतं. आठ फडकी खाली उतरली. मग सगळ्यांनीच जमेल तितका वेळ श्वास रोखून धरला आणि पहिली काही मिनिटं गट अतिशय शांततेत पार पडला.

"किती शिस्त आहे!" सर म्हणाले. "कुणी मध्ये बोलत नाही. पण सगळे बाहेर का बसलात?"

"सर, हवा खेळती पायजे, असं तुमीच सांगितलं व्हतं ना."

सरांना आपलं बोलणं कुणीतरी लक्षात ठेवलंय याचा आनंद झाला. मग पांडू झोपेबद्दल बोलायला लागला आणि त्याच वेळी जाणूची शेळी चरत चरत झाडाला प्रदक्षिणा घालू लागली. पांडूच्या चौकटीत ती डोंगरासमोरून गेली. रंजनाच्या चौकटीत खाचराच्या बांधावरून गेली. धोंडाबाईच्या मागे थांबून तिने सरांकडे नीट पाहिलं आणि मग ती रस्त्याच्या बाजूला जाणूच्या चौकटीत शिरली.

"रत्नाताई," सर म्हणाले, "तुमच्या वस्तीत सगळ्यांकडे एकच कान पांढरा असलेल्या शेळ्या आहेत?"

"एकाच बोकडाची पैदास हाय ती, सर."

सरांनी मान डोलावली. ते मूळचे डोंबिवलीचे होते. पण संकट अजून संपलं नव्हतं. आंब्यावरून लाल मुंग्यांची रांग उतरत होती. त्यातली एक जाणूच्या मानेला डसली, त्याने "आई गो!" म्हणून उडी मारली आणि आठही चौकटी एकदम दचकल्या.

रत्नाने मनातल्या मनात गटाचा निरोप घेतला.

"याला म्हणतात सहवेदना!" सर भारावून म्हणाले. "एकाला दुखलं तर सगळ्यांना दुखलं! मी दहा गट बघतो, पण असं कुठेच पाहिलं नाही. हे मी डॉक्टर मॅडमना सांगणार."

आणि त्यांनी ते खरंच सांगितलं. संस्थेच्या डॉक्टर मॅडम ठाण्याला बसत आणि अख्ख्या जिल्ह्याचे गट त्यांच्या शब्दावर चालत. त्या म्हणाल्या की पुढच्या शुक्रवारी मला हा गट स्वतः बघायचाय. स्वरूप, तुम्ही तिथे जा, घरोघरी बाहेरूनच फिरा आणि प्रत्येक जण आपल्या दारात बसून गटात कसा भाग घेतो ते मला फोनवरून दाखवा.

रत्नाला ही बातमी कळली तेव्हा ती रंजना आणि धोंडाबाईसोबत टेपाडावरच होती. ती तिथेच खाली बसली. "आता खरं सांगून टाका," रंजना म्हणाली. पण खरं सांगितलं तर गट बंद, आणि खोटं उघडं पडलं तरी गट बंद. धोंडाबाई जरा दूर बसून दोघींकडे पाळीपाळीने बघत होती. तिच्याकडे बघून रत्नाने ठरवलं की बंदच व्हायचा असेल तर निदान एक शुक्रवार उशिरा होऊ दे.

शुक्रवारी स्वरूप सर मोटरसायकलवरून आले. तोंडावर मास्क, मास्कवर प्लास्टिकची काच आणि पट्ट्याला सॅनिटायझरची बाटली. वस्ती अगदी आदर्श दिसत होती. प्रत्येक जण आपापल्या दारात, मास्क लावून, हातात फोन घेऊन बसला होता. फक्त एकाही फोनमध्ये काही चालू नव्हतं.

"जय भीम, सर," रत्ना लांबूनच म्हणाली.

"जय भीम, जय भीम. चला, वेळ झाली." सरांनी फोन काढला. तो वर धरला. मग आणखी वर धरला. मग हात उंच करून ते विहारापासून हातपंपापर्यंत आणि हातपंपापासून विहारापर्यंत चालू लागले. पांडूच्या ओट्यावर चढून पाहिलं, उतरून पाहिलं. काचेच्या आत घाम जमायला लागला.

"ताई, नेटवर्क कुठे येतं इथे?"

रत्नाचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी रंजनाने दारातूनच बोट दाखवलं. "त्या टेपाडावर, सर. आंब्याखाली."

सर धावत सुटले. वर पोचायला आणि मॅडमचा फोन यायला एकच गाठ पडली. "स्वरूप, गट कुठे आहे?" हा प्रश्न इतका खणखणीत ऐकू आला की सरांना सुचेनासंच झालं. गेल्या वर्षभरात त्यांना फार कमी वेळा शाबासकी मिळाली होती आणि आज ती मिळणार होती. त्यांनी टेपाडाच्या कडेला येऊन दोन्ही हात हलवले.

"सगळे वर या! लवकर या!"

"सर, एकत्र यायचं नाय ना?" रत्ना खालून ओरडली.

"अहो ताई, दोनच मिनिटं! मॅडमना फक्त चेहरे दाखवायचेत!"

साहेबाने बोलावलं म्हटल्यावर मंडळी चढली. आणि आंब्याजवळ पोचल्यावर जे घडलं त्यात कुणाचाच इलाज नव्हता. माणसाला एकदा सवय लागली की लागली. पांडू आपल्या जागी जाऊन बुंध्याकडे तोंड करून उभा राहिला. रंजना त्याच्या शेजारी. जाणू तिच्या पलीकडे. आठ जणांनी खांद्याला खांदा लावून झाडाला वेढा घातला, फोन नाकासमोर धरले आणि एकजात मास्क खाली ओढले.

स्वरूप सर बघतच राहिले. त्यांनी पांडूकडे पाहिलं, मग पांडूच्या मागच्या डोंगराकडे पाहिलं.

"ही माजी जागा, सर," पांडू नम्रपणे म्हणाला. "हितनं डोंगर चांगला येतो."

सरांच्या हातातला फोन चालूच होता आणि नेटवर्क कधी नव्हे इतकं उत्तम होतं.

"स्वरूप! हे काय चाललंय? मास्क कुठे आहेत लोकांचे? तुम्ही स्वतः बोलावलंत त्यांना? मी ऐकलं! मला संध्याकाळपर्यंत खुलासा हवा. आणि हा गट..."

"मॅडम, चूक माजी हाय," रत्नाला अखेर कंठ फुटला. "सरांना कायपण ठाव नव्हतं. मी सांगते पयल्यापासनं. सरांचा निरोप आला तवा मी बाजारात व्हते, भेंडी घेत व्हते..."

"लांब सरका!"

सगळे थबकले. आवाज कुणाचा ते कुणालाच कळेना, कारण तो कुणी ऐकलाच नव्हता कितीतरी दिवसांत.

"लांब सरका रे! लांब!" धोंडाबाई झाडापासून मागे होत ओरडत होती. तिचे डोळे पेटले होते. "माजा मानूस ह्याच्यानं गेला. तोंड पन बघू दिला नाय मला. आन् तुमी काय खेळ मांडलाय हितं? आं? परवाच्याला पन हाच खेळ! मी गप रायले. आता नाय रानार. बांधा तोंडाला!"

आठ मास्क वर गेले. सरांनी तर मास्क होता त्यावरच हात दाबून धरला. पांडू उड्या मारत मागे सरकला तो पार उतारावर गेला. कुणी धोंड्यावर, कुणी बांधावर, कुणी उन्हात, असे सगळे एकमेकांपासून लांब बसले. इतकं लांब बसवायला रत्नाला वर्षभर जमलं नव्हतं.

"आन् तुमी, सायेब. कशाला कापताय? जेवलात का?"

"बिस्किटं खाल्ली," सर म्हणाले.

"खोलीवर एकटेच रायता?"

"हो."

"झोप लागते?"

सरांनी मान हलवली. नाही. ती मान हलवताना त्यांच्या काचेवर वाफ धरली आणि ते काच पुसत राहिले.

"बसा खाली," धोंडाबाई म्हणाली. "माजा पन असाच व्हता. काय झाला इचारला तं कायच नाय म्हनायचा."

आणि मग ती बोलायलाच लागली. ॲम्ब्युलन्सच्या काचेतून दिसलेल्या त्याच्या हाताबद्दल बोलली. दोन माणसांचं कालवण करायची सवय जात नाही आणि उरलेलं शेजारच्या कुत्र्याला घालताना राग येतो, याबद्दल बोलली. तो घोरायचा म्हणून आपण त्याला शिव्या द्यायचो आणि आता झोप येत नाही ती त्या आवाजावाचून, हे सांगताना ती हसलीसुद्धा. रत्नाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"स्वरूप?" फोनमधून आवाज आला. मॅडम अजून तिथेच होत्या. "मी काय म्हणते..."

"कोन बोलते ती मधी?" धोंडाबाईने विचारलं.

"मावशी, त्या मोठ्या डॉक्टर हायत," रत्ना कुजबुजली. "ठाण्याच्या. गट चालू ठेवायचा का बंद करायचा ते त्याच ठरवतात."

"मंग ठरवू दे सावकाश. माजा बोलून होवं दे. त्यांना ऐकायचा असंल तं गप बसून ऐकायचा, आमच्यासारका."

सरांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा धोंडाबाईकडे पाहिलं आणि मग उठून फोन आंब्याच्या मुळाशी नीट उभा करून ठेवला. मॅडमचा चेहरा तिथून सगळ्यांना दिसत होता. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

धोंडाबाई बराच वेळ बोलली. मग ती थांबली. तेवढ्यात फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा एकदा.

पांडूने कान टवकारले. मग उतारावरची एक लांब काठी उचलून, हात पुरेल तितका ताणून त्याने फोन आणखी मागे ढकलला.

"बाईंना सर्दी दिसते," तो म्हणाला. "जरा लांबच बसू द्या त्यांना."