इंदूचं निवांत मरण

मरायचंच तर नीट मरावं, असं ठरवून इंदू ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली आणि अंबाडा घालून बैठकीतल्या दिवाणावर आडवी झाली. पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग काहीतरी आठवलं म्हणून उठली, पंखा जरा कमी केला आणि परत मेली.

"आई, मेलेलं माणूस पंखा कमी-जास्त करत नसते," प्रज्ञा म्हणाली.

"थंडी वाजून राहिली व."

"मुडद्याले थंडी वाजत नसते. पड चुपचाप."

आता इंदूवर ही वेळ का आली, ते सांगायला हवं. सौंसरला तिचं घर अगदी सडकेवर, आणि नवरा मनोहर नगरपालिकेत नोकरीला, त्यातून माणसांचा भुकेला. शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालेले त्याच्या ऑफिसातले लोक "फक्त चहा" म्हणून टेकत आणि जेवून उठत. इंदूच्या हाताला चव होती आणि तोंडात "नाही" नव्हतं, मग काय विचारता! घरातल्या अल्बमात सगळीकडे पाहुणे हसताहेत, मनोहर हसतोय, आणि कडेला बांगड्यांचा एक हात झारा धरून उभा आहे. तो हात इंदूचा. लेकीच्या साखरपुड्याच्या फोटोत तर बिचारीचं नुसतं कोपर आलं होतं.

यंदा लग्नाच्या वाढदिवसाला मात्र तिनं पण केला की मी पाहुण्यांत बसणार. ही बातमी पांढुर्ण्याला थोरल्या नणंदेला, पंचफुलाबाईंना, कळली आणि त्या फोनवरच खो खो हसल्या.

"तू कायची बसते व! तुह्या बुडाखाली काटे हायेत. पाहुणे असताना तू एक डाव बसून दाखव, या उन्हाळ्यात दोन्ही घरच्या कुरोड्या मी करतो."

"अन् उठली तं?"

"तं तू कर. अन् माह्या घरी येऊन कर, पांढुर्ण्याले!"

इंदूला झोपेतसुद्धा कुरडया पाडायचा सोऱ्या दिसायला लागला. शेवटी नागपूरला नोकरी करणाऱ्या प्रज्ञानं तोड काढली. तिच्या ऑफिसात खुनाची पार्टी झाली होती. एकानं मेल्याचं सोंग घ्यायचं, बाकीच्यांनी चिठ्ठ्या उचलायच्या, एका चिठ्ठीवर 'खुनी' लिहिलेलं. ज्याला ती येईल त्यानं लपवायची आणि इतरांनी त्याला शोधून काढायचं. खुनी सापडेपर्यंत मुडद्यानं बोलायचं नाही आणि उठायचं तर मुळीच नाही.

"आई, तू मुडदा हो," प्रज्ञा म्हणाली. "मुडद्याले कोणी चहा मांगत नसते."

हे इंदूच्या मनात असं भरलं, की असलं मरण इतकी वर्षं कुणी सुचवलं कसं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

संध्याकाळी पाहुणे जमले. मुडदा बोलला किंवा उठला तर पैज हरली, असं ठरवून घेतलेल्या पंचफुलाबाई येतानाच डोळ्यांत तेल घालून आल्या होत्या. मनोहरचा ऑफिसमधला दोस्त गजेंद्र आला. आणि प्रज्ञाचा नवरा राहुल आला. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले, जावई म्हणून घरी पहिलंच मोठं जेवण, त्यामुळे खुर्चीच्या टोकावर बसून तो सगळ्यांकडे पाहून हसत होता. चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. राहुलनं आपली वाचली, त्याचे कान लाल झाले आणि ती त्यानं घाईघाईनं खिशात टाकली.

पंचफुलाबाईंनी चिठ्ठी न उघडताच स्वतःला फौजदार नेमलं आणि पहिला शिपाई म्हणून गजेंद्रला घेतलं. गजेंद्र दिवाणाजवळ आला, वाकला, मुडद्याकडे बारकाईनं पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, तपास सुरू कराच्या आधी घोटभर चहा भेटन का?"

इंदूचा पाय सवयीनं चादरीबाहेर आलासुद्धा! पंचफुलाबाई वाघिणीसारख्या टपून होत्याच. इंदूनं पाय तसाच हवेत थांबवला आणि हळूच परत आत घेतला. गजेंद्रला वाटलं, मुडद्यानं काही खूण केली.

"पाय हालला! तिकडं दाखवून राहिल्या वहिनी, अलमारीकडं!"

"सबूत!" पंचफुलाबाई ओरडल्या. "जवाईबुवा, खोला थे अलमारी!"

जावई घरी यायचा म्हटल्यावर घर आवरतात कसं, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. जे जे दिसायला नको ते ते सकाळी इंदूनं त्या अलमारीत कोंबून, गुडघा लावून दार बंद केलं होतं. राहुलनं नम्रपणे कडी काढली. आधी दोन गोधड्या आल्या, मग मनोहरची फाटकी बनियनं, मग रद्दी, मग पापडांचं लाटणं आणि सगळ्यात शेवटी पिठाची चाळणी, ती थेट जावयाच्या डोक्यावर बसली.

"लागलं तर नाही ना?" प्रज्ञानं विचारलं.

"नाही नाही, छान आहे," चाळणीखालून राहुल म्हणाला.

इंदूनं डोळे घट्ट मिटून घेतले. खरंच मेले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण उठली नाही, ही तिची कमाल.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मनोहरची हाक आली. मटण इंदूनं शिजवून ठेवलं होतं, पीठ भिजवलं होतं. रश्श्यात मीठ घालून एक उकळी आणायची आणि पोळ्या लाटायच्या, एवढं नवऱ्याकडं सोपवलं होतं.

"प्रज्ञाची आई, मीठ कुठी हाय?"

"बाबा, मेलेल्या माणसाले काय विचारता?" प्रज्ञा म्हणाली. "डब्यावर लिहिलं असन ना!"

"हो हो, हाय हाय! सापडला!"

इंदूनं एक डोळा किलकिला केला. तिच्या स्वयंपाकघरातला कुठलाच डबा आपल्या नावाला जागत नव्हता. प्रज्ञा लहान असताना येता-जाता साखरेचे बकाणे मारायची, म्हणून इंदूनं पिठीसाखर 'मीठ' लिहिलेल्या डब्यात लपवली होती. पोरगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, साखर मात्र तिथंच राहिली.

"चवच येऊन नाही राहिली बाप्पा!" आतून मनोहरचा आवाज. "आणखी टाकतो थोडंसं."

इंदूच्या ओठांपर्यंत शब्द आले. पंचफुलाबाई खुर्ची ओढून समोरच बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बोल ना इंदू, बोल. गहू माह्या घरी भिजवून ठेवतो मंग."

इंदूनं पदराचं टोक दातांत धरलं.

"अजून एक चमचा," मनोहर म्हणाला.

खरी गडबड इथून पुढे. शेजारच्या देवकाबाई विरजण मागायला वाटी घेऊन दारात आल्या आणि समोर पाहतात तो इंदू पांढऱ्या चादरीखाली! वाटी हातातून सुटली. प्रज्ञानं धावत जाऊन त्यांना धरलं, बसवलं, पाणी दिलं, खेळ समजावून सांगितला. देवकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा जीव खाली बसला, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

"हे काय मरण झालं व? बाई मरून पडली अन् घरात कोणी रडून नाही राहिलं! एक फिदीफिदी हासते, एक चाळणी घालून उभा हाय. लोक काय म्हणतीन?"

"काकू, खेळ हाय ना थो."

"असू दे खेळ. मले नाई पाहावत. सरक तिकडं."

आता देवकाबाई म्हणजे त्या मोहल्ल्यातलं रडणं. सूर लावून, एकेक आठवण काढत रडावं ते त्यांनीच. कुणाच्याही मयताला त्यांच्यावाचून शोभा नसे. त्यांनी दिवाणाशी बैठक मारली, पदर डोळ्यांना लावला आणि सूर काढला.

"माय व इंदू! तू कुठी गेली व! आता माह्या दुखत्या गुडघ्याले तेल कोण लावून देईन व! माह्या नातवाच्या बारशाले रातभर बुंदी पाडत होती व माय! सगळ्या गल्लीले जेवू घातलं, तू कवा जेवली थे कोणीच नाई पायलं व!"

इंदूला भरून आलं. हे कुणी पाहत असेल असं तिला वाटलंच नव्हतं. मिटल्या डोळ्यांतून एक थेंब कानावर ओघळला. गजेंद्र मान खाली घालून बसला, त्याची चहाची तल्लफ कुठल्या कुठे गेली. स्वयंपाकघराच्या दारात मनोहर पळी घेऊन उभा होता आणि त्याच्या नाकाचं टोक लाल झालं होतं. खुद्द पंचफुलाबाई पदरानं डोळे टिपू लागल्या.

पण देवकाबाईंचं रडणं इमानदारीचं, त्यात काही लपवाछपवी नसे.

"एवढी चांगली बाई व! अन् माही पितळेची कढई दिवाळीले नेली, थे वापस न करताच गेली व माय!"

इंदूचे डोळे खाडकन उघडले. पंचफुलाबाई रडता रडता पुढे सरकल्या. इंदूनं दोन्ही हातांनी दिवाणाची कड धरली आणि परत डोळे मिटले. कढईचा आळ पचवणं किती कठीण असतं, ते बायकांनाच विचारा.

बाहेर मात्र देवकाबाईंचा सूर गल्लीच्या पार टोकाला पोचला होता. देवकाबाई उगीच रडत नाहीत, हे सगळ्यांना माहीत. आधी देवकाबाईंचे मालक भिवाजी धावत आले, डोक्याला दुपट्टा बांधून. त्यांच्यामागे गल्लीतली माणसं, चपला दाराबाहेर काढून, माना खाली घालून.

"सकाळी तं भाजी घेताना पायली होती," भिवाजी गहिवरून म्हणाले. "कशानं गेली व पोरी?"

हसू दाबता दाबता प्रज्ञाच्या तोंडून निघून गेलं, "काका, खून झाला."

गल्लीतली माणसं एक पाऊल मागे सरली. स्वयंपाकघरात रस्सा तेवढा रटरटत होता. राहुलला वाटलं, आता फार झालं, सोक्षमोक्ष लावावा. त्यानं चाळणी काढून हातात घेतली, खिशातली चिठ्ठी वर धरली आणि म्हणाला, "काका, मी केला खून."

"खबरदार!" पंचफुलाबाई ताडकन उठल्या. "आमच्या जवाईबुवाचं नाव काढाचं काम नाई! पयल्यांदा जेवाले आले अन् खुनी? म्या मारली इंदूले. नणंद हाओ मी, माह्यावर कोणीही इस्वास ठेवन."

"नाही, ताईनं नाही, म्या मारली," मनोहर पळी उंचावून पुढे आला. "बायको माही हाय."

"नाही हो, म्या मारली," गजेंद्र हुंदका देत म्हणाला. "चहा मांगू मांगू मारली."

"असं कसं? हे चिठ्ठी माह्याजवळ हाय!" राहुल घाबरून थेट सासऱ्याच्या बोलीत बोलायला लागला.

"तुम्ही चुप बसा जवाईबुवा, तुमच्याकडून असं होतच नाई!" पंचफुलाबाईंनी दटावलं.

भिवाजींनी चारही खुन्यांकडे पाहिलं आणि पोलिसांना लावायला फोन काढला.

तोच चादर उडाली आणि मुडदा उठून बसला.

"सापडला खुनी! जवाईबुवानं कबूल केलं, खेळ खतम, कुरोड्या तुमच्याकडं!" इंदू एका दमात म्हणाली आणि तशीच गर्रकन वळली. "अन् देवकाबाई, कढई म्या होळीच्या आधीच वापस केली! तुमच्या माळ्यावर पायजा, पोत्याच्या मांगं!"

भिवाजी मागच्या माणसाच्या अंगावर पडले, तो त्याच्या मागच्यावर. एकच कल्लोळ उडाला. सगळं समजेपर्यंत बराच वेळ गेला, आणि समजल्यावर आधी शिव्या, मग हसू. भिवाजी तर डोक्याचा दुपट्टा सोडून त्यानंच डोळे पुसत हसत होते.

"चला, आता जेवूनच जा सगळे," मनोहरनं सवयीप्रमाणे आमंत्रण देऊन टाकलं. इंदूनं पळीभर रस्सा चाखला आणि कपाळाला हात लावला. मटणाचा पाक झाला होता. पोळ्यांचं तर नावच नव्हतं.

"मघाच्या गडबडीत बाबांनी चव पाहायला दिलं, मी खाल्लं वाटीभर," राहुल हळूच म्हणाला. "छान आहे. वेगळं आहे."

एवढ्यात दारात बायका दिसल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही. तेव्हा देवकाबाईंचा सूर कानावर पडताच, कोण गेलं हे विचारायच्याही आधी, गल्लीतल्या बायकांनी आपापल्या घरी पिठलं टाकलं होतं. कुणी पातेलं घेऊन आली, कुणी भाकरींची चवड, कुणी ठेचा आणि कांदे. इंदूला बसलेली पाहून एकीच्या हातातलं पातेलं पडता पडता राहिलं.

"आणा, आणा आत!" देवकाबाई म्हणाल्या. "मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढते. भरल्या घरी खाऊ."

इंदू लगबगीनं उठली आणि ताटं घ्यायला निघाली. देवकाबाईंनी तिचा दंड धरून तिला परत दिवाणावर बसवलं.

"बस खाली! ज्याच्या घरी मयत झालं, त्यानं वाढाचं नसते. वाढणारे आम्ही हाओत ना."

आणि इंदू बसली. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला नवरा, समोर अख्खी गल्ली पंगत धरून. कुणीतरी तिच्या ताटात गरम पिठलं वाढलं, भाकर मोडून दिली, वर तेलाची धार सोडली. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या हातचं, गरम, बसल्या जागी! तिला एवढा आनंद झाला की तिनं तिसरी भाकर मागून घेतली. प्रज्ञानं फोटो काढला. त्यात इंदू मधोमध होती, तोंडात घास, आणि कडेला कोपर आलं होतं ते मनोहरचं.

जेवणं आटोपली तशा पंचफुलाबाई दिवाणाच्या कडेला येऊन टेकल्या. त्यांनी गादी जरा दाबून पाहिली.

"कुरोड्या करतो मी, जबान दिली म्हणजे दिली," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "पण इंदू, खरं सांगजो. पडल्या पडल्या कसं वाटते व?"

"काय सांगू बाई तुम्हाले," इंदू म्हणाली. "सुख हाय."

पंचफुलाबाईंनी क्षणभर विचार केला आणि भाचीला हाक मारली.

"प्रज्ञा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीची दगडफेक पाहाले, माह्या घरी पाहुण्यांची जत्रा रायते. दरसाल कंबर मोडते माही. यंदा त्या दिवशी मले मार."

हातातलं पातेलं खाली ठेवून देवकाबाई लगेच पुढे सरकल्या.

"रडाले मी येतो. पांढुर्ण्याची पयली गाडी कितीले सुटते?"