माडीच्या करकरीवरील मोहीम

श्रीगणेशाय नमः। कुलदैवतास आणि घरच्या उंबऱ्यास वंदन करून, जे डोळां देखिले तेच लिहितो. पदरचे काही घातले असेल तर वाचणाराने तितके वजा करावे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् संवत्सर, माघमासी एके राज्यी नरहरपंत महाराज सुखे नांदत होते. राज्य म्हणजे खाली तीन खोल्या आणि वर लाकडी फळ्यांची माडी. ते समयी कन्या शर्वरीबाई बाळंतपणास माहेरी आल्या होत्या, आणि वीस दिवसांची नात माडीखालचे खोलीत निद्रा करीत असे, आणि सव्वा महिना पुरा होईतो ती आपणांजवळ राहणार म्हणोन महाराजांस आनंद बहुत. परंतु नेम ऐसा की, दोनप्रहरी भोजन जाहले म्हणजे माडीवर शतपावली घालावी, नव्याण्णव चालावयाची नाहीत. मग पाऊल पडे, आणि फळी करकरे, आणि खाली बाळराणी जाग्या होऊन आकांत मांडीत. राणीसाहेब सुनंदाबाईंनी अंगण सुचविले. महाराज बोलिले, "अंगणात शेजारी गप्पांना धरतात, आकडा चुकतो." ऐसे पाच दिवस गेले, मग कन्येने निर्वाणीचा खलिता तोंडीच दिला. "बाबा, दोन दिवसांत हे थांबलं नाही तर मी सासरी जाते. तिकडे फरशी आहे."

हे ऐकोन महाराज भरल्या ताटावरून उठले. तत्काळ लुमाजी मेस्त्री सुतार यांस पाचारण केले, आणि ते हत्यारांनिशी दाखल जाहले, आणि म्हणाले, "मालक, तुम्ही चाला, करकरेल तिथे मी खडूचा ठिपका देतो." महाराज चालिले. सतरा ठिपके पडले. मेस्त्री वदले, "फळ्या वाळल्यात, खिळे ढिले झालेत. उद्या प्रत्येक ठिपक्यावर स्क्रू मारून फळी खालच्या तुळईला आवळतो."

दुसरे दिवशी प्रातःकाळी राणीसाहेब केर काढावयास वर गेल्या, आणि ठिपके देखोन समजल्या की लेकीने रांगोळी घालावयास घेतली आणि बाळ रडले म्हणोन टाकून गेली. ठिपके जोडू गेल्या तो काही केल्या जुळेनात. मग पदरचे अकरा घातले आणि कासव पुरे केले. मेस्त्री आले, आणि मोजून डोके धरून बसले. "मालक, काल सतरा होते, आज अठ्ठावीस. दुखणं पसरलं." राणीसाहेबांनी कबुली दिली, आणि सगळे पोट धरून हसले, परंतु सतरा कोणते हे कोणास सांगवेना. तेव्हा मेस्त्रींनी शब्द राखिला, आणि अठ्ठावीसही ठिपक्यांवर स्क्रू मारिले, आणि कासव माडीस जखडून टाकिले. महाराज वर नाचले तरी फळी हूं म्हणेना.

दोनप्रहरी शतपावली सुरू जाहली. खाली सर्व शांत. बारा पावले जाहली, आणि महाराजांस चैन पडेना, म्हणोन बाळराणी निजल्या की नाही हे पाहावयास खाली उतरले, आणि गालास बोट लाविले, आणि आकांत जाहला. शर्वरीबाई म्हणाल्या, "फळ्या गप्प झाल्या. आता तुमचं काय करायचं?" आणि बॅग भरावयास घेतली. महाराज हिरमुसले. त्यांचे डोळे भरोन आले, हे लिहावयास लाज नाही. ते पाहोन कन्येने बॅग सोडिली, आणि बाळ उचलोन त्यांच्या खांद्यावर दिले. "घ्या. हिला घेऊन चाला."

मग महाराज बाळासह माडीवर गेले, आणि साठाव्या पावली बाळराणी निजल्या, आणि शंभराव्या पावली महाराज थांबले तो त्या जाग्या जाहल्या. म्हणोन ते पुन्हा चालिले.

एवंच, मोहीम फत्ते, कन्येचा मुक्काम सव्वा महिना कायम. शतपावलीचा आकडा हल्ली सहाशेवर गेला असून महाराज तो मोजीत नाहीत. इति.