मागे आवाज येतोय का?

"आवाजाला स्वभाव-बिभाव काही नसतो!" श्यामलाबाईंनी जाहीर केलं. "एकच आवाज दोन यंत्रांत भरला, तर दोन्हींतून एकच निघणार. आत्ता पडताळून बघू!"

जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलेल्या आईपुढे शौनक काय बोलणार? त्याच्याकडे दोन सॅम्पलर होते. आवाज पकडून ठेवायचे आणि कळ दाबली की सोडायचे. एक ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला, ट्रंकेसारखा जड. दुसरा सॉफ्टवेअरच्या पगारातून घेतलेला. कंपनी आता त्याला हैदराबादला पाठवत होती. नवा बरोबर जाणार होता, जुन्यासाठी संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. "पण जुन्याचा आवाज वेगळाच गं," असं तो हळहळला आणि प्रयोग ठरला.

बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. "कुठला ते सांगू नकोस. पहिला, दुसरा, एवढंच!"

शौनकने अण्णांच्या पेटीवादनाची कॅसेट लावली. अण्णा म्हणजे त्याचे वडील, उन्हाळ्यात गेले. गल्लीतल्या गणपती मंडळाचा माईक कायम त्यांच्याच हातात असायचा. जुन्या सॅम्पलरच्या पोटात जेमतेम एक वाक्य मावायचं आणि शौनकचं बोट घाईचं. पेटी राहिली बाजूला, त्याआधीचं भलतंच पकडलं गेलं! न ऐकताच त्याने कळ दाबली. स्पीकरचं तोंड खिडकीकडे, आवाज ऑर्केस्ट्राच्या सवयीने पूर्ण!

"हॅलो, हॅलो! मागे आवाज येतोय का?"

"येतोय, अण्णा!" खालच्या तांब्याच्या दुकानातून जयसिंग ओरडला. पाठोपाठ अख्खी गल्ली, "येतोय!"

मग एक हंडा दणकन पडला आणि कसबा पेठेत कधी नसते अशी शांतता झाली.

बाईंची पाठ हलली नाही.

बघता बघता घर भरलं. वरच्या मजल्यावरच्या इंदुबाई लाटण्यासकट हजर! "अहो श्यामलाताई, तेराव्याला जेवले ना मी इथे?"

"दोनदा वाढून घेतलंत," बाई म्हणाल्या.

शौनकने सगळं समजावलं, तेच वाक्य नव्या सॅम्पलरमध्ये भरून त्यातूनही ऐकवलं. झालं! गल्ली परीक्षक झाली.

"हे अण्णा नव्हेत," जयसिंग म्हणाला. "हे रेडिओवर नोकरी लागलेले अण्णा!"

"जुन्यातलेच खरे. तोंडात पान आहे बघा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"मूळ लावा की, वादच नको!" म्हणत इंदुबाईंनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. त्याने कॅसेटची फीत शेवयांसारखी बाहेर काढली आणि चावून टाकली.

 आता अण्णा उरले ते त्या दोन खोक्यांत.

बाईंना कारण कळलं होतं. जुनं यंत्र आवाजाची बारीक धार कापतं, थोडी खरखर मिसळतं. मोजलं तर नवंच अचूक. पण मंडळाचा कर्णाही इतकी वर्षं हेच करत आला होता.

तेवढ्यात गिऱ्हाईक दारात.

"विकायचा नाही," बाई म्हणाल्या.

"आई, दोन्ही सारखेच म्हणालीस ना?"

"सारखेच आहेत. म्हणून हा राहू दे."

गल्ली पांगली. शौनक गिऱ्हाइकाची समजूत घालायला खाली गेला. बाईंनी दूध तापत ठेवलं, खिडकी लावली, पदराने जुन्या सॅम्पलरवरची धूळ पुसली आणि कळ दाबली.

"हॅलो, हॅलो! मागे आवाज येतोय का?"

"येतोय हो," त्या म्हणाल्या. "ओरडताय कशाला? मी इथेच तर बसलेय."

आणि स्वयंपाकघरात सगळं दूध उतू गेलं.